वेबसाइट आहे, पण फोन येत नाही: आधी काय तपासायचं

लक्षणं

यातली दोन-तीन ओळखीची वाटली तर पुढे वाचा.

- साइट उघडते, दिसायलाही बरी आहे, पण तिच्यामुळे महिनोन्‌महिने एकही विचारणा येत नाही.
- लोक फोन करून नेमकं तेच विचारतात जे साइटवर लिहिलेलं आहे: रविवारी चालू असतं का, नक्की कुठे, साधारण किती पडेल.
- ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळं झकास, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मात्र अक्षरं इतकी बारीक की दोन बोटांनी ताणून वाचावी लागतात.
- दुकानाचं नाव टाकून शोधलं तर साइट येत नाही, कुठल्यातरी डिरेक्टरीतला बंद पडलेला नंबर वर येतो.
- "मी फॉर्म भरला होता की," असं कोणीतरी सांगतं आणि तुमच्याकडे मेल आलेलाच नसतो.
- मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो.

पुण्यात छोट्या धंद्यांच्या साइट्स दुरुस्त करताना हीच तक्रार मला पुन्हा पुन्हा भेटते. लक्ष्मी रोडवरचं साड्यांचं दुकान असो, कोथरूडचा गणिताचा क्लास असो की भोसरीचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, मालकाने निदान आधीच करून ठेवलेलं असतं: डिझाइन जुनं झालंय, नवी साइट करू. मी लगेच करू देत नाही. बिघाड बहुतेक वेळा रंगात नसतो. साइट बांधायच्या आधी इथे कोण येणार आणि आल्यावर त्याने काय करायचं, हे कोणी ठरवलेलंच नसतं. ते न ठरवता नवी साइट केली तर तीच तक्रार घेऊन माणूस पुन्हा येतो, फक्त या वेळी खिसा जास्त हलका झालेला असतो.

खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून खर्चिक तपासण्यांकडे जातो. तो मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्या करताना काही बिघडण्याची भीती नाही, शेवटच्या करताना चालू साइट बंद पडू शकते.

दुसऱ्याचा फोन मागा

तुमच्या फोनवर साइट पटकन उघडते, कारण तिची चित्रं तिथे आधीच साठलेली असतात. गूगल तुम्हाला तुमचंच दुकान वर दाखवतं, कारण तुम्ही त्यावर सारखी टिचकी मारता. म्हणजे साइट कशी चालते हे बघायला जगातला सर्वात निरुपयोगी फोन तुमचा स्वतःचा.

ज्याला तुमचा धंदा नीट माहीत नाही असा माणूस पकडा. समोरच्या दुकानातला मुलगा चालेल, भाचीची मैत्रीण चालेल. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू ठेवायचा. जमलं तर तुळशीबागेतल्या एखाद्या बोळात किंवा तळघरातल्या गाळ्यात उभं राहून बघा, जिथे रेंज रडतखडत येते. त्याला तीन कामं द्या: इथे काय मिळतं ते सांग, दुकान आत्ता उघडं असेल का ते शोध, आणि फोन लाव. मग गप्प बसा. मालकांना हेच जमत नाही. तो भलत्याच ठिकाणी दाबत असतो आणि आपल्या तोंडून "अरे, वर बघ ना" निघून जातं. गिऱ्हाइकाच्या शेजारी तुम्ही उभे नसणार आहात.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की अशा चाचणीला पाच माणसं पुरतात, त्यापुढे त्याच त्या अडचणी पुन्हा दिसायला लागतात. आपल्या आकाराच्या साइटला मी तीनवरही भागवतो. फोन हातात घेतलेला माणूस कुठे अडखळला ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या कुठल्या भागावर जास्त वेळ घालवायचा, ते हाच कागद सांगेल.

नंबर, पत्ता, वेळ

पाच मिनिटांची आणि शून्य खर्चाची दुरुस्ती. त्यामुळेच राहून जाते.

नंबरवर बोट ठेवल्यावर थेट फोन लागतो का? लागत नसेल तर नंबर नुसता अक्षरं म्हणून किंवा बॅनरच्या चित्रात छापलेला आहे. चित्रातला नंबर दाबता येत नाही आणि कॉपीही होत नाही. तो लक्षात ठेवून डायल करण्याइतकी गरज गिऱ्हाइकाला नसते, तो मागे जातो आणि दुसरं दुकान उघडतो. नंबर मजकूर म्हणून टाइप करा आणि त्याला फोनची लिंक द्या. बहुतेक साइट-बिल्डरमध्ये लिंकच्या प्रकारांत 'फोन' हा पर्याय असतो.

पुण्याच्या लँडलाइनची एक खास गंमत आहे. स्थानिक सवयीने लोक लिंकमध्ये नुसते आठ आकडे टाकतात. मोबाइलवरून ते लागत नाहीत. काही जण शहाणपणाने प्लस ९१ लावतात आणि पुढे ०२० लिहितात, तेही लागत नाही. देशाचा कोड आला की शून्य गळतो: प्लस ९१, मग २०, मग आठ आकडे. व्हॉट्सॲपच्या लिंकचं आणखी निराळं. तिथे ९१ आणि लगेच दहा आकडे लिहायचे. प्लस नको, सुरुवातीचा शून्य नको, मधल्या रेघा आणि मोकळ्या जागाही नकोत.

वेळ लिहिताना खरी लिहा. दुकान दुपारी १ ते ४ बंद असेल तर तसं स्पष्ट लिहा. त्यावर विनोद करणारे करतील, पण पिंपरीहून उन्हातान्हात येऊन बंद शटर बघणारा माणूस विनोद करण्याच्या मनःस्थितीत नसतो. साप्ताहिक सुट्टी आणि गणपतीत रस्ते बंद असताना चारचाकी कुठपर्यंत येते तेही टाका. पत्त्यात नुसता सर्व्हे नंबर नको. 'मंडई मेट्रो स्टेशनपासून चालत, अमुक मंदिरासमोरच्या बोळात, पहिला मजला' असं लिहिलं की निम्मे फोन वाचतात.

शेवटी गूगल बिझनेस प्रोफाइल (शोधात आणि नकाशावर दुकानाची माहिती दाखवणारं गूगलचं पान) उघडा. नकाशावरची खूण खरंच तुमच्या दारावर आहे का, की मागच्या सोसायटीच्या गेटवर? पेठांमध्ये हे फार होतं. त्याच प्रोफाइलमधला वेबसाइटचा दुवाही दाबून बघा. गूगलने या प्रोफाइलबरोबर फुकट मिळणाऱ्या छोट्या वेबसाइट्स मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तो 'बिझनेस डॉट साइट'वाला पत्ता अजून अनेकांच्या व्हिजिटिंग कार्डावर आणि दुकानाच्या पाटीवर आहे. तो उघडत नाही, आणि उघडणार नाही.

पहिला पडदा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. मोबाइलवर बोट न सरकवता जेवढं दिसतं तो पहिला पडदा. तुमच्या साइटवर तिथे काय आहे? बहुतेक ठिकाणी हे असतं: मोठा लोगो, 'आमच्या वेबसाइटवर आपले सहर्ष स्वागत आहे', आणि मागे आपोआप सरकणारे चार फोटो. त्यातल्या एकात मालक एका मान्यवरांकडून शाल-श्रीफळ घेताना. आलेल्या माणसाला यातून काहीही कळत नाही.

पुणेरी पाट्यांची टिंगल पुष्कळ झाली, पण पहिला पडदा लिहायचा असेल तर त्यांच्याइतका चांगला गुरू नाही. काय मिळेल, काय मिळणार नाही, कधी मिळेल, एवढंच, आणि स्वागताचा एक शब्द नाही. 'आठवी ते दहावी, राज्य मंडळ, मराठी व सेमी-इंग्रजी, गणित आणि विज्ञान. कोथरूड, आयडियल कॉलनी. बॅच संध्याकाळी ६ आणि ७:३०.' खाली एकच बटण: 'फोन करा'. क्लासची साइट इथेच अर्धीअधिक झाली.

बाकीचं ठरवायला कॉम्प्युटर बंद करून कागद घ्या. गेल्या काही दिवसांत फोनवर लोकांनी काय काय विचारलं ते आठवून त्यांच्याच शब्दांत लिहा. काउंटरवर फोन उचलणाऱ्यालाही विचारा, मालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. एकसारखे प्रश्न एकत्र करा. जो गठ्ठा मोठा झाला त्याचं एक पान, आणि ज्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर आहे तो पहिल्या पडद्यावर. अशी चार-पाच पानं निघतात. छोट्या धंद्याला त्याहून जास्त लागत नाहीत. याला डिझाइनवाले भारदस्त नावं देतात, पण काम एवढंच आहे.

ज्या पानाचा एकही प्रश्न कागदावर नाही ते काढून टाका. 'व्हिजन', 'मिशन' ही पानं मी बिनदिक्कत काढतो. 'आमच्याविषयी' ठेवा, पण त्यात कोण माणसं आहेत, किती वर्षं करतात आणि काय करत नाहीत ते असू द्या. मेनूतली नावंही गिऱ्हाइकाच्या तोंडची हवीत. 'सोल्यूशन्स'वर कोणी टिचकी मारत नाही, 'घरपोच डबा'वर मारतात.

दर लिहायचे का, यावर हमखास वाद होतो. "दर लिहिले तर समोरचा कमी करेल," "आधी फोन तर येऊ दे, मग बोलू." माझं मत ठाम आहे: निदान 'अमुक रुपयांपासून' एवढं तरी लिहा. दर न दिसल्यामुळे परत गेलेली माणसं तुम्हाला कधी कळत नाहीत, त्यामुळे तो तोटा हिशेबात येत नाही. आणि दर वाचून ज्यांनी फोन केला नाही ते तसेही फोनवर दहा मिनिटं घेऊन गेलेच असते. जिथे काम बघितल्याशिवाय दर सांगताच येत नाही, उदाहरणार्थ फर्निचर किंवा वॉटरप्रूफिंग, तिथे दर कशावर ठरतो ते चार ओळींत सांगा.

एक अपवाद. वर मी मोबाइलचाच विचार केला, कारण दुकान, क्लास, दवाखाना यांची माणसं मोबाइलवरूनच येतात. भोसरी किंवा चाकणच्या वर्कशॉपचं गिऱ्हाईक मात्र कंपनीच्या खरेदी विभागात कॉम्प्युटरसमोर बसलेलं असतं. त्याला व्हॉट्सॲपचं बटण नको असतं. त्याला कुठली मशिनं आहेत, किती जाडीचा पत्रा कापता, कुठली प्रमाणपत्रं आहेत, जीएसटी नंबर काय, हे एका पानावर आणि छापता येईल असं हवं असतं. सिंहगड रोडच्या डबेवाल्या ताईंची साइट बघून वर्कशॉपने आपली केली तर ती चालणार नाही. उलटही तसंच.

मराठी मजकूर खरंच मराठी आहे का

हा बिघाड इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही मार्गदर्शकात सापडणार नाही, आणि पुण्यात तो जागोजागी आहे. कारण इथे मराठी छपाईचं काम मोठं आणि जुनं. मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर इथलंच, भारतीय भाषांची सॉफ्टवेअर करणारी सी-डॅक ही सरकारी संस्थाही इथलीच. डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांत पत्रिका, माहितीपत्रकं, अहवाल केले. त्या फॉन्टांत 'क' दिसतो, पण आत साठलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे तिथे मराठी दिसतं, बाकी सगळीकडे काला. मालक माहितीपत्रकाची फाइल साइट करणाऱ्याला देतो, तो ती चिकटवतो, आणि मालकाच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट असल्यामुळे त्याला सगळं ठीक दिसतं.

तपासणी सोपी. साइटवरची एक ओळ कॉपी करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथे मराठीच दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या प्रमाण पद्धतीत आहे. चिन्हांचा काला आला तर नाही. ओळ निवडताच आली नाही तर तो मजकूर नसून चित्र आहे, आणि तेही तितकंच वाईट.

का महत्त्वाचं? गूगलला तो काला मराठी म्हणून वाचता येत नाही, म्हणून 'कोथरूड गणित क्लास' शोधणाऱ्याला तुम्ही सापडत नाही. अंध व्यक्तीचा फोन तो मजकूर वाचून दाखवू शकत नाही. आणि गिऱ्हाइकाला पत्ता कॉपी करून रिक्षावाल्याला पाठवता येत नाही.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. रफार, 'ऱ्या', जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरतात. पानं पाच असतील तर मी सरळ नव्याने टाइप करून घेतो. रूपांतर करून तपासण्यात तेवढाच वेळ जातो.

याच जागी आणखी दोन गोष्टी बघा. इंग्रजी टेम्पलेटमध्ये (साइटच्या तयार साच्यात) मथळ्याची अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन असते. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं दिसतं. लेटर-स्पेसिंग शून्य करा. दुसरं, ओळींमधलं अंतर. मराठीत वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवा आणि मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. फॉन्ट म्हणून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत. फक्त साधा आणि ठळक असे दोनच प्रकार जोडा, कारण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते.

फोटोंचं वजन

फोनने काढलेला एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तसे दहा फोटो पहिल्या पानावर टाकले की रेंज नसलेल्या गल्लीत पान उघडायला किती वेळ लागतो ते तुम्ही पहिल्या तपासणीत बघितलंच असेल. फोटो साइटवर चढवण्याआधी रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवा, आणि एक फोटो २०० केबीच्या आसपास ठेवा. गूगलचं स्क्वूश हे फुकट साधन ब्राउझरमध्येच हे काम करतं.

मग पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या गूगलच्या साधनात साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा निकाल बघा. पानावरचा सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, असा गूगलचा निकष आहे. शंभरपैकी शंभर गुण मिळवायच्या मागे लागू नका, त्याने गिऱ्हाईक येत नाही. लाल आकडा असेल तर कारण जवळपास नेहमी हेच दोन: जड फोटो, नाहीतर तो सरकणारा स्लायडर. स्लायडर काढा. कोणीही तक्रार करणार नाही.

मोबाइलवर आख्खं पान लहान होऊन कॉम्प्युटरसारखं दिसत असेल तर वजनाचा संबंध नाही, पानात व्ह्यूपोर्टची (पान मोबाइलच्या रुंदीत बसव असं सांगणारी) ओळ नाही. आजच्या कुठल्याही टेम्पलेटमध्ये ती असते. नसेल तर साइट फार जुनी आहे आणि इथे मात्र नवं टेम्पलेट घेण्याला माझी हरकत नाही.

गूगलला साइट माहीत आहे का

गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', मग अपूर्णविराम (:), आणि मोकळी जागा न सोडता लगेच तुमच्या साइटचा पत्ता टाका. पानांची यादी आली तर गूगलला ती माहीत आहेत. काहीच आलं नाही तर पहिला संशय एका चौकटीवर. वर्डप्रेसमध्ये (पुष्कळ साइट्स ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्यात) सेटिंग्जच्या रीडिंग या पानावर 'डिस्करेज सर्च इंजिन्स' अशी सुरुवात असलेली एक चौकट असते. साइट बांधताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून तिच्यात खूण करतात आणि उद्घाटनाच्या गडबडीत ती काढायची राहते. तुमची साइट कितीही सुंदर असली तरी त्या चौकटीत खूण असेपर्यंत तुम्हीच गूगलला 'आत येऊ नकोस' सांगत असता.

ती काढल्यावर गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात साइट जोडा आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या, दोन्ही फुकट. लगेच दुसऱ्या दिवशी बघू नका. काही दिवस, कधी काही आठवडे लागतात.

पानं यादीत आहेत पण प्रत्येकाचा मथळा 'होम' किंवा 'अनटायटल्ड' दिसतोय? मग प्रत्येक पानाला वेगळा मथळा द्या: धंदा, भाग, नाव या क्रमाने. लोक आधी 'डबा वारजे' शोधतात, तुमच्या धंद्याचं नाव त्यांना अजून माहीत नसतं.

फॉर्मचे मेल गायब

स्वतः फॉर्म भरा, मग आधी स्पॅम बघा. तिथेही नसेल तर कारण बहुधा असं असतं: साइट ज्या सर्व्हरवर आहे तो तुमच्या नावाने मेल पाठवतो, पण त्याला तसा अधिकार आहे हे डोमेनच्या (साइटच्या पत्त्याच्या) नोंदींत कुठेच लिहिलेलं नसतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) यांपैकी निदान एक नोंद मागायला सुरुवात केली, आणि तोवर कसेबसे पोचणारे असे मेल अडायला लागले.

सोपा इलाज म्हणजे एसएमटीपी प्लगइन, मेल पाठवण्यासाठी साइटला लावायचा एक जोडभाग. त्यामुळे फॉर्मचा मेल तुमच्या खऱ्या मेल खात्यातून जातो. 'प्रेषक' म्हणून भरणाऱ्याचा पत्ता लावलेला असेल तर काढा. प्रेषक तुमच्या डोमेनचा हवा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये.

त्याहून सोपा इलाज: फॉर्म काढून टाका. तुमचं गिऱ्हाईक फोन किंवा व्हॉट्सॲप करणारं असेल तर फॉर्मची गरजच काय? आठ रकाने भरायला लावणारे आणि त्यात 'पिनकोड अनिवार्य' असणारे फॉर्म मी दुरुस्त करत नाही, काढतो.

डोमेन आणि कुलूप

इथून पुढे फक्त बघायचं, हात लावायचा नाही.

पत्त्याआधी 'नॉट सिक्युअर' दिसतं का? क्रोमने जुलै २०१८ पासून एचटीटीपीएस (माहिती कुलूपबंद करून पाठवणारी पद्धत) नसलेल्या प्रत्येक साइटवर हा शिक्का मारायला सुरुवात केली. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं, बहुतेक होस्टिंगमध्ये (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेत) एका बटणावर बसतं. ते ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होत राहतं. ही आपोआपची साखळी तुटली की तीन महिने चाललेली साइट एका सकाळी 'धोकादायक' म्हणून अडते. होस्टिंगवाल्याला तेवढंच सांगा: प्रमाणपत्राचं नूतनीकरण थांबलंय.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर. डोमेन कोणाच्या नावावर आहे? ज्याने साइट केली त्या मुलाच्या ईमेलवर असेल, आणि तो मुलगा आता बंगळुरूला नोकरीत असेल, तर मुदत संपल्याची सूचना तुम्हाला येणारच नाही. डोमेन, होस्टिंग आणि मेल या तिन्हींची खाती तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर हवीत. हे भांडण न करता, साइट चालू असतानाच मागून घ्या. साइट बंद पडल्यावर मागायला गेलात तर सौदा त्याच्या हातात असतो. मुदत संपतेय अशी घाबरवणारी मेल किंवा पत्रं भलत्याच कंपनीकडून येतात, त्यांना पैसे पाठवण्याआधी खरा रजिस्ट्रार (डोमेन जिथे नोंदवलंय ती कंपनी) कोण ते हूइज या डोमेनच्या जाहीर नोंदीत बघा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढच्या कुठल्याही गोष्टीत स्वतः प्रयोग नको.

गूगलवरून साइट उघडली की जुगाराच्या किंवा भलत्याच पानावर जाते, पण पत्ता थेट टाइप केला तर नीट उघडते: साइट हॅक झाली आहे. गूगलच्या यादीत तुमच्या साइटची जपानी अक्षरांतली पानं दिसतात, तेही तेच. वर्डप्रेसमध्ये अनोळखी ॲडमिन दिसतो, तेही. नुसती घाण पानं पुसून उपयोग नसतो, मागचं दार उघडंच राहतं आणि आठवड्यात पुन्हा तीच अवस्था.

डीएनएसच्या नोंदी (डोमेनवरची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या ओळी) बदलायच्या असतील आणि ऑफिसचे मेल त्याच डोमेनवर चालत असतील, तर हात लावू नका. मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी एमएक्स नावाची एक ओळ पुसली गेली तर साइट सुधारेल, पण सगळ्या ऑफिसचे मेल बंद पडतील, आणि ते कळायला दुपार होईल. अपडेटनंतर पांढरं पान किंवा ५०० ची चूक (सर्व्हरमधला बिघाड) येत असेल आणि बॅकअप नसेल, तरी थांबा. ऑनलाइन पैसे घेण्यात गोंधळ असेल, पैसे कापले आणि ऑर्डर दिसत नाही असं होत असेल, तर पैसे घेण्याचं बटण आधी बंद करा आणि मग फोन लावा.

माणूस निवडताना एक खूण. "पहिल्या क्रमांकावर आणून देतो, गॅरंटी" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. गूगल स्वतःच सांगतं की अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. चांगला माणूस पहिल्याच फोनवर तुम्हाला प्रश्न विचारतो: शेवटचा बदल कधी केला, कोणी केला, बॅकअप आहे का, खाती कोणाच्या नावावर.

ही उत्तरं, बिघाडाचे स्क्रीनशॉट आणि तो कधीपासून दिसतोय, एवढं तयार ठेवलंत तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात. त्याला तुमचा मुख्य पासवर्ड देऊ नका, वेगळं खातं उघडून द्या. काम संपल्यावर पूर्ण बॅकअपची एक प्रत तुमच्या पेन ड्राइव्हवर घ्या, ते खातं बंद करा, आणि तो अजून समोर बसलेला असतानाच कोणाच्या तरी फोनवरून साइट उघडून बघा.